वस्तरा आला, दाढी वाढली

माझ्या मेहुण्यानं आषाढात दाढीसाठी वस्तरा घेतला आणि त्या दिवसापासून त्याची दाढी वाढायला लागली. वस्तरा नवा होता, आणि नव्या वस्तऱ्यानं म्हणे लगेच दाढी करायची नसते. आधी त्याला दाढीच्या लायक करायचं असतं. ही गोष्ट वस्तरा घेण्यापूर्वी त्यानं कोणाला सांगितली नव्हती. घेतल्यावर मात्र घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस जिन्यात दम खात उभा होता, त्यालाही त्यानं पात्याचा कोन समजावून दिला.

मेहुणा कोपरखैरण्यात आमच्याच सोसायटीत, आमच्या बरोब्बर डोक्यावर राहतो. ऐरोलीला आयटीत आहे, आठवड्यातले निम्मे दिवस घरून काम करतो. वय चौतीस. लग्न व्हायचंय, आणि डोक्यावरचे केस तेवढं थांबायला तयार नाहीत. छंद त्याला नवे नाहीत. कॉफी दळायचं यंत्र झालं, बोन्साय झालं, दुर्बीण झाली (नवी मुंबईच्या आकाशात तिच्यातून चंद्र आणि टॉवरांवरचे लाल दिवे दिसतात, बाकी काही नाही), आणि मग वस्तरा. यावेळी मात्र त्याच्याकडे अर्थशास्त्र होतं. पाच पात्यांच्या रेझरच्या कार्ट्रिजवर माणूस जन्मभरात किती खर्च करतो, याचा तक्ता त्यानं एक्सेलमध्ये मांडला होता. वस्तरा सांभाळला तर शंभर वर्षं टिकतो, म्हणजे एका दाढीचा खर्च पैशांत येतो, रुपयांत नाही.

"शंभर वर्षं तू राहणारेस का?" त्याच्या ताईनं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं.

"नातवाला होईल ना."

"आधी मला भावजय तरी आण."

वस्तरा जर्मनीतल्या झोलिंगनचा. हे गाव पात्यांचं. त्याच्या नावाला १९३८ सालापासून कायद्याचं संरक्षण आहे. ते नाव पात्यावर कोरायचं तर पातं तिथंच घडलेलं असावं लागतं. हा वस्तरा पाच अष्टमांश इंच रुंद, दोन्ही अंगांनी खोलगट घासलेला, आणि धारेजवळ इतका पातळ की नखावर हलकेच टेकवला तरी लवतो. टिचकी मारली की वाजतो. मेहुण्यानं तो आम्हांला वाजवून दाखवला.

"छान आहे. मग कर की दाढी," मी म्हणालो.

"दाजी, ही कारखान्याची धार आहे."

आमची आजी 'बाजारचं पीठ' हे शब्द ज्या सुरात उच्चारायची, त्याच सुरात तो 'कारखान्याची' म्हणाला.

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे कबूल केलं पाहिजे. कारखान्यातून निघालेल्या पुष्कळ वस्तऱ्यांची धार कागद कापते, हातावरची लव उडवते, पण गालावर आली की केस कापण्याऐवजी ओढते. दाढीचा केस दिसतो तेवढा गरीब नाही. पोलादापेक्षा तो पन्नासेक पटीनं मऊ असतो, आणि तरीही पोलाद त्याच्यापुढे हरतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली केस कापताना पात्याचं काय होतं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. धार नुसती झिजून बोथट होत नाही, तर केस तिरपा वाकून आला की धारेवरच्या कच्च्या जागी तिचे बारीक टवके उडतात, असं त्यांना आढळलं. हे वाचल्यापासून मेहुणा आरशात स्वतःच्या दाढीकडे आदरानं बघू लागला.

मग दगड आले. १०००, ४०००, ८००० आणि १२०००. हे आकडे किमतीचे नव्हेत, दगडातल्या कणांच्या बारीकपणाचे. आकडा जेवढा मोठा तेवढा कण लहान. (किमतीही त्याच आकड्यांच्या आसपास निघाल्या, पण तो योगायोग.) पहिल्या दगडावर पात्याच्या दोन्ही बाजू घासून त्यांची एका रेषेत गाठ घालून द्यायची आणि पुढच्या प्रत्येक दगडावर आधीच्या दगडानं पाडलेले ओरखडे पुसायचे. घासताना पातं दगडावर आडवं झोपवायचं, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेल्या, आणि धार पुढे करून ढकलायचं. कोन आपण धरायचा नाही. पात्याच्या पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांनी तो आधीच ठरवून ठेवलेला असतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. म्हणजे वस्तरा बनवणाऱ्यानं तो घेणाऱ्याच्या हातावर काडीचाही विश्वास ठेवलेला नाही. मेहुण्याला ओळखत नसताना त्याला हे कसं सुचलं, कोण जाणे.

चार दगडांनंतर पाचवा आला. पहिले चार घासून घासून मध्ये खोल होतात, तर त्यांना सपाट करायला हा पाचवा.

"आणि हा पाचवा सपाट कशानं करायचा?" बायकोनं विचारलं. त्यानंतर मेहुणा बरेच दिवस खाली जेवायला आला नाही.

हे सगळं चाललं होतं पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. या डोंगरातल्या खाणींचा दगड नवी मुंबईच्या भिंतींत आणि रस्त्यांत गेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसावर घर असलेल्या माणसानं जपानहून दगड मागवले आणि त्यावर समाधान न होता बेल्जियमच्या दगडाची चौकशी केली. बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगराळ भागात एक पिवळसर दगड निघतो. त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात आणि वस्तऱ्याची धार काढायला तो शतकानुशतकं नावाजलेला आहे. आपल्या काळ्या पाषाणाचा धर्म वेगळा. त्याचा पाटा करायचा, जातं करायचं, आणि ते झिजून गुळगुळीत झालं की टाकी लावणारीला हाक मारायची. आपण पिढ्यानपिढ्या दगड खडबडीत करून घ्यायला पैसे मोजले. त्यामुळे दगड गुळगुळीत करण्यासाठी आणखी एक दगड विकत घेणारा माणूस माझ्या आईला अजून नीट समजलेला नाही.

जपानी दगड पाण्यात भिजत घालावे लागतात. मेहुण्याच्या न्हाणीघरातल्या बादलीत बुडबुडे सोडत पडलेले दगड बघून कामाला येणाऱ्या मावशींनी सरळ विचारलं, "हे काय वाटायचंय का?"

दगडांचं शिक्षण संपलं की चामड्याचं. चामड्याचा लांब पट्टा खुंटीला अडकवून ताणून धरायचा आणि वस्तरा त्यावर वर-खाली फिरवायचा. इथं दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागून येते. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरून पालटायचं, धारेवरून नाही. धारेवरून पालटलं की पट्टा कापला जातो. पहिला पट्टा प्रत्येकाचाच कापला जातो, असं जाणकार सांगतात, म्हणूनच ते नवशिक्याला पहिला पट्टा स्वस्तातला घ्यायला सांगतात. मेहुण्यानं महागातला घेतला होता, कारण त्या 'प्रत्येकात' आपण येत नाही असं त्याचं मत होतं. पट्टा तिसऱ्या-चौथ्या फेरीतच गेला. मग स्वस्तातला आला, आणि त्याला लावायला क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट आली, अर्ध्या मायक्रॉनच्या कणांची. ती पट्ट्यावर कमी आणि टॉवेलवर, दाराच्या कडीवर, लॅपटॉपवर जास्त दिसायची. एका मीटिंगमध्ये बंगळुरूच्या साहेबांनी त्याला तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावरचे काका वास्तुशास्त्राचं बघतात. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि तांब्याचा पिरॅमिड आणून दिला. त्याखाली पातं ठेवायचं, उत्तर-दक्षिण, म्हणजे धार आपोआप परत येते. आम्ही हसलो, पण काकांच्या बाजूनं कागद निघाला: प्राग शहरातल्या कारेल द्रबाल नावाच्या रेडिओ अभियंत्याला दाढीची ब्लेडं पिरॅमिडखाली ठेवून धारदार राखण्याच्या कल्पनेवर १९५९ साली चेकोस्लोव्हाकियात चक्क पेटंट मिळालं होतं. पेटंट मिळणं आणि दाढी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी काकांना सांगितलं नाही. सोसायटीच्या पार्किंगचा निर्णय त्यांच्या हातात आहे.

धार लागली की नाही हे कळायला परीक्षा असतात. पहिली परीक्षा हातावरच्या केसांची. मेहुण्याचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला, मग पोटऱ्या झाल्या. पण खरी परीक्षा एका सुट्या केसाची. केस मुळाकडच्या टोकाला चिमटीत धरायचा, मोकळं टोक धारेवर टेकवायचं, आणि ओढ न देता तो आपसूक तुटून पडला पाहिजे. यासाठी केस लांब लागतो. मेहुण्याच्या डोक्यावरून एकही केस खर्ची घालण्याची परिस्थिती राहिलेली नव्हती. तेव्हा तो सकाळी सकाळी खाली येऊन ताईच्या फणीतली गुंतवळ मागू लागला. आमच्या लहानपणी गुंतवळीवर फुगे देणारा यायचा, तो गेल्यापासून या वस्तूला गिऱ्हाईक आलं ते हे. माझ्या आईला मात्र ते मुळीच आवडलं नाही. बाईच्या डोक्यावरचे केस असे परक्या घरात जाऊ देऊ नयेत, म्हणाली. "परकं कुठलं, भाऊच आहे," बायको म्हणाली. "वस्तरा परका आहे," आई म्हणाली.

केस तुटले नाहीत. धारेवरून घरंगळत खाली पडले, सगळे.

अशात एका रविवारी सायकलवर दगडाचं चाक बसवलेला धारवाला गेटवर आला आणि बायकोनं विळी, सुऱ्या खाली पाठवताना साहजिकच भावाला हाक मारली: "अरे, तुझाही घेऊन ये, तीस-चाळीस रुपयांत होईल!" मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला. इथं मात्र शंभर टक्के तो बरोबर होता. कोरड्या चाकावर पातळ पातं धरलं की क्षणात तापतं, धारेजवळ निळं पडतं, आणि निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. मग त्या पात्यानं लोणीसुद्धा नीट कापलं जात नाही. विळीचं पोलाद जाड असतं, ते सोसतं. धारवाल्यानंही वस्तरा बघून लांबूनच हात जोडले. हे आपलं काम नाही म्हणाला. त्या महिनाभरात आमच्याकडे आलेला हा पहिला जाणकार.

एवढ्यात श्रावण लागला आणि मेहुण्याला हायसं वाटलं. आता दाढी न होण्याचं कारण शास्त्रात सापडत होतं. आमच्या घरी श्रावण पाळतात म्हणजे तोही पाळतो, असं त्यानं जाहीर केलं. गटारीला तो काय काय पाळत होता हे मी बघितलेलं आहे. पूर्वी युरोपात श्रीमंत घरी सात वस्तऱ्यांची पेटी असायची. प्रत्येकाच्या पाठीवर एकेका वाराचं नाव, म्हणजे धारेला आठवडाभर विश्रांती. तशी पेटी घ्यावी असं त्याच्या मनात आलं होतं. आईनं हिशेब करून दाखवला: सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. सातातले तीन वस्तरे जन्मभर कोरेच राहतील, वर एकादश्या आणि अमावास्या वेगळ्या. पेटी बारगळली.

पण श्रावणात पाऊस असतो, आणि आमच्याकडे खाडीचा वारा. वस्तऱ्याचं चांगलं पोलाद बहुधा गंजणारंच असतं. न गंजणाऱ्या पोलादाचेही वस्तरे मिळतात, पण ते दगडाला दाद देत नाहीत अशी बऱ्याच लोकांची तक्रार. एका ओल्या सकाळी पात्यावर तांबूस ठिपका दिसला. मेहुण्यानं सुट्टी टाकली. शिलाई मशीनचं तेल आलं, सिलिका जेलच्या पुड्या आल्या. आमच्या घरातली लोणच्याची बरणी बुरशीला तोंड देत ओट्यावर एकटी उभी होती आणि वरच्या मजल्यावर एक वस्तरा कोरड्या हवेच्या डब्यात झोपला होता.

त्याला आप्पांकडे जा असं मी पहिल्यापासून सांगत होतो. आप्पांचं सलून आमच्याच सेक्टरच्या कोपऱ्यावर आहे. ते सातारा जिल्ह्यातल्या खटावचे. घाऊक मार्केट मुंबईतून इकडे आलं, त्यामागून माथाडी कामगारांची वस्ती आली, आणि वस्तीमागून आप्पा आले. पण मेहुण्याला ते पटत नव्हतं. "दाजी, ते अर्धं ब्लेड वापरतात." हे खरं आहे. सलूनमधला आजचा वस्तरा म्हणजे नुसती मूठ, पातं ब्लेडचं. ब्लेड कागदातल्या कागदात मधोमध कट्कन मोडायचं, अर्धं या गिऱ्हाइकाला, अर्धं पुढच्याला. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली, प्रत्येक दाढीला नवं ब्लेड हा नियम झाला, आणि खरा वस्तरा खणात गेला. नियम योग्यच होता. ब्लेडं स्वस्त होती, आणि लांबून आणायचीही नव्हती. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बनलेली सुपरमॅक्सची ब्लेडं जगभर जात असत.

घरच्या दाढीतून वस्तरा त्याच्या कितीतरी आधी गेला होता. जिलेट कंपनीनं १९०३ साली, पहिल्या वर्षात, ५१ रेझर विकले. पुढच्याच वर्षी हा आकडा नव्वद हजारांपुढे गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना रेझर सरकारनंच दिले आणि घरी परतलेल्या त्या सगळ्यांना स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागली. धार बोथट झाली की फेकून द्यायची, ही कल्पना इतकी सोयीची होती की धार लावता येणं हे एक कौशल्य आहे याचाच विसर पडला. ते आता एकविसाव्या शतकात छंद म्हणून परत येतं आहे, सोबत पाच दगड घेऊन.

शेवटी श्रावण सरत आला तेव्हा मेहुणा वस्तरा, दगड, दोन्ही पट्टे आणि पेस्ट पिशवीत भरून आप्पांकडे गेला. शटर बंद. श्रावण वद्य द्वादशी, संत सेना महाराजांची पुण्यतिथी. त्या दिवशी नाभिक समाजाची दुकानं बंद असतात. संत सेनांनी आपल्या अभंगांत धोकटीतली हत्यारं परमार्थाच्या कामाला लावली. मेहुण्यानं पिशवी घरी परत आणली.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. अमावास्या तोंडावर, दुकानात चिटपाखरू नाही. आप्पांनी वस्तरा उघडला, धार वर करून ट्यूबलाइटखाली धरली आणि डोळे बारीक केले.

"हे बघा. हितं आन् हितं चमकतंय का?"

"हो, मस्त चमकतंय," मेहुणा म्हणाला.

"मग तिथं धार न्हाई. धार लागली की दिसत न्हाई. दिसती ती बोथट."

हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. धारेचं टोक रुंद असेल तरच त्यावरून उजेड परततो. खऱ्या धारेला उजेड परतवण्याइतकी जागाच नसते. मेहुणा दीड महिना चकाकी वाढवत होता.

"लई घासलाय," आप्पा पुढे म्हणाले. जास्त घासलं की धारेच्या टोकाला पोलादाचा पापुद्रा सुटतो आणि या बाजूनं त्या बाजूला वळत राहतो. त्यांनी पिशवीतल्या दगडांवरून बोट फिरवलं, सगळ्यांत गुळगुळीत तो ठेवून घेतला, बाकीचे परत दिले. दगडावर पाणी टाकलं. पातं नुसतं ठेवल्यासारखं, वजन न देता, काही वेळा पुढे-मागे गेलं. मग खणातून वडिलांचं चामडं काढलं. काळंभोर, तळहाताएवढं रुंद, तेलानं मऊ पडलेलं. त्यावर वस्तरा फिरत असताना ते मला गावच्या पाण्याच्या योजनेचं सांगत होते. शेवटी चार-सहा वेळा उघड्या तळहातावर. मेहुण्यानं डोळे मिटून घेतले. त्यामुळे त्यानं लावलेल्या मोबाइलच्या व्हिडिओत आप्पांचं कोपर आणि माझं पोट एवढंच आलं आहे.

"किती स्ट्रोक मारले तुम्ही?"

"मोजत न्हाई. आवाज बदलला की थांबायचं."

आप्पांनी मेहुण्याच्या मनगटावर शोधून एक केस काढला, त्वचेपासून वरच्या वर. केस उडाला, कातडीला कळलं नाही. बायकोची गुंतवळ वाया गेली.

"किती द्यायचे?" मेहुण्यानं विचारलं. आप्पा नको म्हणाले, आणि त्यानं शेजारच्या टपरीवरून तीन चहा मागवले. एका चहानं हिशेब मिटला. मला हे तिथंच खटकलं आणि मी ते बोललोही. प्रत्येक दगडाची पावती ज्यानं एक्सेलमध्ये नोंदवली, त्याच्या तक्त्यात हाताची किंमत टाकायला रकानाच नव्हता. हा एकट्या त्याचा दोष नाही, ती आपली जुनी रीत आहे. आप्पांच्या वडिलांना गावकीत वर्षभराच्या हजामतीबद्दल सुगीला बलुतं मिळायचं, आणि ते किती, हे देणारा ठरवायचा. मान त्यांच्या हातात द्यायची, पण मानानं बसायला जागा द्यायची नाही. त्याच कामाचं सामान जर्मनीहून खोक्यात आलं की ते छंद होतं आणि त्याचे फोटो काढले जातात. आणि हे लोक नुसतं वस्तरा चालवणारे होते असंही नाही. तो खाली ठेवायचा कधी, हेही त्यांना कळत होतं. १८९० च्या आसपास मुंबईतल्या नाभिकांनी कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. पोटाचं काम सोडून दिलेला तो नकार होता. शिकलेले सुधारक तेव्हा बहुतेक ठराव मांडत होते.

असो. मेहुण्यानं पहिल्या दाढीचा मुहूर्त हरितालिकेचा धरला, उद्या गणपती म्हणून. एवढ्या दिवसांचं रान आधी ट्रिमरनं उतरवावं लागलं. मग गरम पाण्याचा टॉवेल, साबण, ब्रश, फेस. पातं गालाशी तीसेक अंशांत धरायचं, दुसऱ्या हातानं कातडी ताणायची, केसांच्या दिशेनंच जायचं, आणि पहिल्या दिवशी फक्त गाल. हनुवटी आणि ओठावरची जागा नंतर. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. उजवा गाल झाला. खरंच सुरेख झाला, रक्ताचा थेंब नाही. आम्ही दारात उभे राहून बघितलं आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं हसून आणि थोडं खरं.

मग डावा गाल. उजव्या हातानं जायचं तर हात नाकासमोरून आडवा येतो आणि आरशात काही दिसत नाही. डाव्या हातानं जायचं तर डाव्या हातानं त्यानं आजवर चमचासुद्धा धरलेला नाही. कोन, पोलाद, केस, दगड यांचा त्यानं अभ्यास केला होता. माणसाला गाल दोन असतात हा मुद्दा राहून गेला होता. बराच वेळ वस्तरा हवेत या हातातून त्या हातात जात राहिला. फेस वाळला. शेवटी त्यानं उजवीकडे गुळगुळीत आणि डावीकडे पांढरा अशा चेहऱ्यावर मास्क चढवला आणि खाली उतरला.

गणपतीच्या आदल्या दिवशी आप्पांच्या दुकानात बाहेरपर्यंत रांग होती. अख्खा श्रावण दाढी राखलेले सगळे एकाच संध्याकाळी आले होते. नंबर आल्यावर मेहुण्यानं मास्क काढला. आप्पांनी एकदा बघितलं, काही विचारलं नाही, नवं ब्लेड कट्कन मोडलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बोलत डावा गाल, हनुवटी, ओठ, गळा, सगळं उरकलं. वर तुरटी फिरवली.

"अर्ध्या दाढीचे किती?"

"अर्ध्या दाढीचा रेट न्हाई ठेवला," आप्पा म्हणाले.

सध्या मेहुणा उजवा गाल वस्तऱ्यानं करतो आणि बाकीचा चेहरा जुन्या कार्ट्रिजनं. तक्त्यात कार्ट्रिजची ओळ परत आली आहे. नातवाचं अजून काही नक्की नाही.

वाचकांना एक विनंती. तुमच्याही घरी माळ्यावर, पितळी डब्यात किंवा आजोबांच्या ट्रंकेत एखादा जुना वस्तरा पडलेला असेल. तो चाकावर धार लावायला देऊ नका आणि सँडपेपरनं घासू नका. कोरड्या फडक्यानं पुसून त्यावर मशीनच्या तेलाचा हात फिरवा. मग आपल्या भागातलं जुनं सलून शोधा, नवी मुंबईत असाल तर गावठाणांतून आणि माथाडी वस्तीतून अजून सापडतात. साठी उलटलेल्या कारागिराच्या हातात तो द्या, आणि काम सुरू होण्यापूर्वी दर विचारा. नको म्हणाले तरी द्या. चहा त्याच्यावर.